थीसिसला किती पैसे लागतात?

"मॅडम, अडीच हजार भरले की आठ दिवसांत पेपर छापून येतो म्हणतात. सर्टिफिकेटही देतात. भरू का?"

वर्षातून आठ-दहा वेळा तरी हा प्रश्न माझ्याकडे येतो. विचारणारा कधी एम.डी.च्या शेवटच्या वर्षाचा रेसिडेंट असतो, कधी तालुक्याच्या गावी तासिका तत्त्वावर शिकवत समाजशास्त्रात पीएच.डी. करणारी एखादी ओळखीची मुलगी. माणसं वेगळी, विषय वेगळे, पण वेळ ठरलेली. थीसिस जमा करायला महिना राहिलेला असतो, गाईड रजेवर असतात आणि व्हॉट्सअॅपवर एक जाहिरात आलेली असते. मी "भरू नकोस" म्हणते. त्यावर जो प्रश्न येतो तो मात्र अगदी रास्त असतो : "मग नक्की किती पैसे लागतात? कुणी नीट सांगतच नाही."

ते नीट सांगण्यासाठी हा लेख. मी सामुदायिक वैद्यकशास्त्र शिकवते, त्यामुळे उदाहरणं वैद्यकीय थीसिसची जास्त येतील. पण जीवशास्त्र, संख्याशास्त्र, समाजशास्त्र यांतल्या विद्यार्थ्यांचा हिशेबही फारसा वेगळा नसतो. एवढ्या वर्षांत एक गोष्ट मला पक्की कळली आहे. संशोधनात पैसे वाया जातात ते बहुतेक वेळा शेवटच्या दोन महिन्यांत, घाबरून. आणि ते घाबरणं येतं सुरुवातीला न केलेल्या चार कामांतून. म्हणून खर्च मांडतानाही मी कामाच्या क्रमानंच जाते.

परवानग्या आणि नोंदण्या

सिनॉप्सिस मंजूर झाला की एथिक्स कमिटी. औषध कंपनीनं पुरस्कृत केलेल्या चाचण्यांसाठी कमिट्या मोठं शुल्क घेतात, कारण त्यामागे व्यवसाय असतो. स्वतःच्या संस्थेतल्या विद्यार्थ्याच्या थीसिससाठी मात्र बहुतेक ठिकाणी शुल्क नसतं किंवा नाममात्र असतं. कुणी जास्त मागत असेल तर संस्थेचं छापील दरपत्रक मागा आणि पावती घ्या. कमिटीच्या सभा दर महिन्याला होतातच असं नाही, म्हणून इथं पैशापेक्षा तारीख महत्त्वाची.

तुमच्या अभ्यासात रुग्णांना काही उपचार देऊन परिणाम पाहायचा असेल, तर क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया म्हणजे सीटीआरआयवर नोंदणी करावी लागते. ही नोंदवही भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर) चालवते. 2007 च्या जुलैत ती सुरू झाली, तेव्हापासून नोंदणी मोफत आहे. तरीही "नोंदणी करून देतो" म्हणून हजारो रुपये घेणारे भेटतात. फॉर्म लांबलचक आहे हे खरं. दोन-तीन संध्याकाळी जातात, शंका विचारल्या जातात, उत्तरं द्यावी लागतात. पण त्यात तुम्हाला येणार नाही असं काही नाही, उलट स्वतः भरताना आपल्याच अभ्यासातल्या फटी दिसतात.

इथली एक चूक मात्र कितीही पैसे देऊन दुरुस्त होत नाही. 1 एप्रिल 2018 पासून सीटीआरआय फक्त आगाऊ नोंदणी घेतं. पहिला रुग्ण अभ्यासात घेतल्यावर तुम्ही गेलात, तर दार बंद. पुढं पेपर पाठवताना चांगलं जर्नल हा क्रमांक मागतं. माझ्या माहितीतल्या एका मुलाचा उत्तम अभ्यास केवळ एवढ्यासाठी तीन ठिकाणांहून परत आला, आणि चौथ्या ठिकाणी त्यानं पैसे भरून तो छापला. त्याला नोंदणीचं आधी कुणी सांगितलंच नव्हतं.

नवीन रुग्ण न घेता आधीच्या अभ्यासांचा पद्धतशीर आढावा घेणार असाल, तर त्याची नोंद इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठाच्या प्रॉस्पेरोवर होते. तीही मोफत.

सॅम्पल साइज ठरतो, तेव्हाच खर्च ठरतो

थीसिसचा सगळ्यात मोठा खर्च कागदावरच्या एका ओळीत लपलेला असतो : सॅम्पल साइज. विद्यार्थी ही ओळ मागच्या बॅचच्या थीसिसमधून उतरवून घेतात. ते करू नका, कारण ती ओळ म्हणजे तुमचं अंदाजपत्रक आहे.

एक साधं उदाहरण घेऊ. एखाद्या गावातल्या साधारण 20 टक्के बायकांना एक आजार असावा असा आधीच्या अभ्यासांवरून अंदाज आहे, आणि तो आकडा तुम्हाला 5 टक्के अलीकडे-पलीकडे इतक्या अचूकतेनं, 95 टक्के खात्रीनं काढायचा आहे. नेहमीचं सूत्र वापरलं तर 246 बायका लागतात. अचूकता 5 ऐवजी 4 टक्के हवी म्हणालात तर 385. तीन टक्के म्हणालात तर 683. आता समजा, प्रत्येकीची एक रक्ततपासणी करायची आहे आणि तिला 400 रुपये लागतात. पहिल्या हिशेबात 98,400 रुपये, दुसऱ्यात 1,54,000, तिसऱ्यात 2,73,200. प्रश्न तोच, गाव तेच, तपासणी तीच. सिनॉप्सिसमध्ये '5'च्या जागी '3' लिहिला आणि पावणेदोन लाख वाढले. त्यात दहा टक्के बायका नकार देतील किंवा नमुना खराब होईल असं धरायचं असतं, म्हणजे 246 च्या जागी 274 जणींची तयारी ठेवायची.

म्हणून हा आकडा ठरवताना संख्याशास्त्र जाणणारा माणूस शेजारी बसलेला असावा. बहुतेक वैद्यकीय महाविद्यालयांत सामुदायिक वैद्यकशास्त्र विभागात असा माणूस पगारावर असतो. त्याला भेटायला पैसे लागत नाहीत, वेळ घेऊन जावं लागतं. बाहेरचा गाठलात तर सुरुवातीच्या एक-दोन बैठकांचे काही हजार रुपये होतील. थीसिसवर खर्च केलेले हे सगळ्यात सार्थकी लागणारे पैसे. मी विद्यार्थ्यांना सांगते, मोबाइल नंतर बदला, पण हे पैसे आधी द्या.

कारण नंतर गेलात तर? रोनाल्ड फिशर हे आधुनिक संख्याशास्त्राचे एक जनक. 1938 साली कोलकात्यात भरलेल्या भारतीय संख्याशास्त्र परिषदेत त्यांनी सांगितलं होतं की प्रयोग संपल्यावर संख्याशास्त्रज्ञाकडे जाणं म्हणजे बहुतेक वेळा शवविच्छेदन करून घेण्यासारखं आहे. प्रयोग कशानं मेला एवढं तो सांगू शकेल. ही गोष्ट आपल्याच देशात सांगितली गेली, आणि आजही दर वर्षी मास्टर चार्ट, म्हणजे सगळ्या नोंदींचा तक्ता, पूर्ण भरून, "मॅडम, आता फक्त पी व्हॅल्यू काढून द्या" म्हणत मुलं येतात. तेव्हा कळतं की वयाच्या रकान्यात काही ठिकाणी वर्षं आहेत, काही ठिकाणी महिने. तुलनेसाठी घेतलेला गट तुलनेला योग्यच नाही. मुख्य प्रश्नाचं उत्तर ज्या रकान्यात असायला हवं तो रकानाच नाही. मग त्याच कामाला चार-पाचपट पैसे मागितले जातात, आणि ज्याच्याकडे कागद जातात तो आकडे 'बसवून' देऊ लागला तर तो खर्च पैशांत मोजण्यापलीकडचा असतो. आकडे बसवून देणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नका.

तपासणीचे पैसे कुणी द्यायचे, याबद्दल नियम स्पष्ट आहे. नेहमीच्या उपचारापलीकडची, केवळ संशोधनासाठी केलेली तपासणी रुग्णाच्या खिशातून होता कामा नये, असं आयसीएमआरची 2017 ची राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. "केस पेपरवर लिहून टाक, पेशंट करून आणेल" हा सल्ला वॉर्डात ऐकू येतो. तो मोडून काढा. ज्याच्या घरी रोजंदारीवर चूल पेटते त्याच्याकडून आपल्या पदवीसाठी पाचशे रुपये काढणं ही चोरी आहे, दुसरा शब्द मला सापडत नाही. पैसे नसतील तर तपासणी बदला, प्रश्न लहान करा किंवा अनुदान मागा. पदव्युत्तर वैद्यकीय थीसिससाठी आयसीएमआरची अर्थसाहाय्य योजना आहे, एम.बी.बी.एस.च्या विद्यार्थ्यांसाठी 1979 पासून चालत आलेली अल्पकालीन विद्यार्थी संशोधन योजना आहे. या योजनांच्या तारखा लवकर संपतात. सिनॉप्सिस लिहितानाच पाहून ठेवा.

सामाजिक शास्त्रांत रक्ततपासणीच्या जागी पायपीट येते. प्रश्नावलीच्या झेरॉक्स, एस.टी.चं भाडं, गावात मुक्काम, मदतीला घेतलेल्या मुलामुलींचा रोज. तीनशे घरांचं सर्वेक्षण एकट्यानं केलं तर दिवसाला सात-आठ घरं होतात, म्हणजे जवळपास चाळीस दिवस. मदतनीस घेतलेत तर त्याचा रोज स्थानिक मजुरीपेक्षा कमी ठेवू नका; कमी पैशात घाईनं भरलेल्या प्रश्नावल्या झाडाखाली बसून भरलेल्या असतात आणि ते आकड्यांत दिसतं.

पण खरंच फिरायला हवं का, हे आधी तपासा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या, म्हणजे एनएफएचएसच्या, 1992-93 ते 2019-21 या काळात पाच फेऱ्या झाल्या. त्या केल्या मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेनं. या फेऱ्यांचे घर-घरनिहाय, नावं काढलेले मूळ आकडे नोंदणी करून, विषय कळवून फुकट मिळतात. केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाचे रोजगार, घरखर्च, शिक्षण यांवरच्या सर्वेक्षणांचे मूळ आकडेही तसेच मिळतात. देशानं कोट्यवधी रुपये खर्चून जमवलेला हा साठा आहे. जिल्ह्याच्या कॉलेजात बसलेल्या मुलीला एक रुपया न घालवता लाखो कुटुंबांच्या आकड्यांवर काम करता येतं, आणि तरी ती दोनशे प्रश्नावल्यांसाठी सोन्याची साखळी गहाण ठेवते. गाईडनी हे तिला सांगायला हवं होतं.

वाचायचं कुठून, मोजायचं कशात

पेपर वाचायला पैसे देऊ नका. 'एक राष्ट्र, एक वर्गणी' योजनेला केंद्र सरकारनं नोव्हेंबर 2024 मध्ये मंजुरी दिली. तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये, तीस प्रकाशकांची सुमारे 13,000 जर्नल्स. सरकारी उच्च शिक्षण संस्था आणि केंद्र सरकारच्या संशोधन संस्था यांना ती 2025 पासून खुली आहेत. तुमचं कॉलेज सरकारी असेल तर ग्रंथपालांकडून लॉगिन घ्या. त्यांना विचारायला कुणी जात नाही ही त्यांची खरी तक्रार आहे. खासगी कॉलेजं पहिल्या टप्प्यात नव्हती. तिथल्या मुलांनी लेखकाला सरळ ई-मेल करावा; दोन ओळींत विषय सांगितला की बहुतेक लेखक आनंदानं प्रत पाठवतात. अनपेवॉल हे ब्राउझरला जोडायचं मोफत साधन कायदेशीर मोफत प्रत कुठं असेल तर दाखवतं. भारतीय विद्यापीठांचे जुने प्रबंध शोधगंगेवर आहेतच.

सॉफ्टवेअरच्या नावाखाली खूप पैसे जातात. एसपीएसएसची अधिकृत परवानगी महिन्याला हजारो रुपयांत जाते, म्हणून मुलं चोरीची प्रत टाकतात आणि संगणकात व्हायरस घेतात. कशासाठी? आर ही भाषा फुकट आहे आणि जगभरचे संख्याशास्त्रज्ञ तीच वापरतात. कोड लिहायची भीती वाटत असेल तर जामोवी किंवा जास्प घ्या. दोन्ही मोफत, दोन्हींत एसपीएसएससारखंच माउसनं काम होतं. सॅम्पल साइजसाठी ओपनएपी आणि जी-पॉवर, संदर्भ लावायला झोटेरो. एम.डी.च्या थीसिसला लागणारी काय-स्क्वेअर, टी-टेस्ट, रिग्रेशन ही सगळी गणितं यांत होतात, आणि उत्तर एसपीएसएसमध्ये येईल तेच येतं.

प्लेगॅरिझम रिपोर्टसाठी झेरॉक्सवाल्याला पैसे देणं थांबवा. इन्फ्लिबनेट या सरकारी केंद्राच्या शोधशुद्धी योजनेतून विद्यापीठांना तपासणीचं सॉफ्टवेअर मोफत मिळतं आणि विद्यापीठाला मान्य असतो तो तिथलाच अहवाल. बाहेर कुणाच्या तरी खात्यावर तुमचा न छापलेला प्रबंध चढवला, की पुढच्या अधिकृत तपासणीत तो स्वतःशीच जुळून लाल दिसण्याचा धोका असतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 2018 च्या नियमांत 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. 10 ते 40 मध्ये प्रबंध दुरुस्त करून द्यावा लागतो, 40 ते 60 मध्ये वर्षभर पुन्हा सादर करता येत नाही, 60 च्या वर नोंदणीच रद्द. "टक्के कमी करून देतो" म्हणणारे शब्द फिरवून देतात, आणि वैद्यकशास्त्रात शब्द फिरवले की अर्थ मरतो. एका प्रबंधात 'हार्ट फेल्युअर'चं 'हृदयाचा पराभव' या अर्थाचं काहीतरी इंग्रजीत झालेलं मी स्वतः वाचलं आहे. विद्यार्थी हुशार होता, दमलेला होता, आणि त्यानं ते पान वाचलंच नव्हतं.

पेपर छापायचे पैसे

आता तो मूळ प्रश्न. आधी पाहा, पेपर हवाच आहे का? 2016 च्या नियमांत पीएच.डी.चा प्रबंध देण्याआधी एक शोधनिबंध छापलेला आणि परिषदांत दोन वाचलेले असणं सक्तीचं होतं. अनुदान आयोगानं नोव्हेंबर 2022 च्या नियमांत ही सक्ती काढली. काही विद्यापीठांनी स्वतःची अट ठेवली आहे, म्हणून तुमच्या विद्यापीठाचा चालू अध्यादेश काढून वाचा. सीनियरच्या सांगण्यावर जाऊ नका. मला भेटणाऱ्यांपैकी कितीतरी जण उठून गेलेल्या नियमासाठी पैसे भरायला निघालेले असतात.

पेपर छापायचाच असेल, आणि चांगल्या कामाचा छापावाच, तर तीन वाटा आहेत.

पहिली वाट, लेखकाकडून काहीच न घेणारी जर्नल्स. आपल्याकडे हे लोकांना माहीतच नाही. मुंबईतून निघणारं इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली लेखकाकडून पैसे घेत नाही. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान अकादमीची विज्ञानाची जर्नल्स आहेत. वैद्यकीय नीतिशास्त्राचं, मुंबईतच 1993 मध्ये सुरू झालेलं इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स आहे. डीओएजे या मुक्त जर्नल्सच्या यादीत 'शुल्क नाही' अशी चाळणी लावून विषयवार शोधता येतं. ही वाट हळू असते. उत्तराला चार-सहा महिने लागतात, नकारही येतो. पण नकारासोबत परीक्षकांचे शेरे आले तर ते जपून ठेवा, बाजारात असे शेरे विकत मिळत नाहीत.

दुसरी वाट, मोठ्या प्रकाशकांची दोन्ही पर्याय देणारी जर्नल्स. पेपर स्वीकारला की ते विचारतात : लेख सर्वांना खुला ठेवायचा की वर्गणीदारांपुरता? खुला म्हणालात तर लाखांत बिल. वर्गणीचा पर्याय निवडलात तर बहुतेक ठिकाणी शून्य. पेपर तोच, जर्नल तेच, गुणवत्ता तीच. आनंदाच्या भरात चुकीच्या चौकोनावर खूण करून नंतर रडणारे मी पाहिले आहेत. तो प्रश्न स्क्रीनवर आला की गाईडना फोन करा, दुसऱ्या दिवशी सकाळी खूण करा.

तिसरी वाट, फक्त पैसे घेऊनच छापणारी, पण खरीखुरी मुक्त जर्नल्स. प्लॉस वन 2006 मध्ये सुरू झालं तेव्हा लेखाला 1,250 डॉलर घेत असे. आता दोन हजारांच्या वर. डॉलर 85 रुपयांचा धरला तरी पावणेदोन लाखांकडे जातं. नेचरनं लेख खुला ठेवायचे 9,500 युरो जाहीर केले होते. यावर कर आणि कार्डाचं परकीय चलनाचं शुल्क वेगळं. "गरीब देशांना सवलत असते ना?" असते, पण ती आपल्याला क्वचित लागते. मोठ्या प्रकाशकांच्या सवलतीत देशाच्या एकूण अर्थव्यवस्थेच्या आकाराची अट असते. भारताची अर्थव्यवस्था मोठी, म्हणून नांदेडच्या रेसिडेंटला सवलत नाही. हा अन्याय आहे आणि तो बोलून दाखवायला हवा. तरी वैयक्तिक अडचण सांगून सवलतीचा अर्ज करता येतो, तो पेपर पाठवतानाच करायचा. स्वीकारल्यानंतर बहुतेक ठिकाणी ऐकत नाहीत. 'एक राष्ट्र, एक वर्गणी'मध्येही निवडक मुक्त जर्नल्सच्या शुल्कासाठी वर्षाला 150 कोटींची तरतूद ठेवली आहे. तुमची संस्था त्यात असेल तर ग्रंथपालांना विचारा. स्वतःच्या खिशातून दीड-दोन लाख भरून थीसिसचा पेपर छापू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्या पैशात बहिणीचं एक शैक्षणिक वर्ष होतं.

कुठंच छापायच्या आधी काम लोकांपुढं ठेवायचं असेल तर प्रीप्रिंट आहेत : जीवशास्त्राला बायोआरकाइव्ह, वैद्यकाला मेडआरकाइव्ह, समाजशास्त्राला सोशआरकाइव्ह. शुल्क नाही. तारखेसह तुमचं नाव लागतं. मात्र जर्नलला ते चालतं का हे आधी वाचा.

अडीच हजारांत काय मिळतं

अडीच हजारांच्या पावतीचे तुकडे करून पाहू. 'आयएसएसएन असलेलं जर्नल' : हा क्रमांक भारतात नवी दिल्लीच्या राष्ट्रीय केंद्रातून मोफत मिळतो, आणि तो फक्त नियतकालिक ओळखण्यासाठी असतो, दर्जाशी त्याचा संबंध नाही. 'आयएसबीएनसह पुस्तकात प्रकरण' : आयएसबीएनही आपल्या देशात मोफत आहे. 'डीओआयचे पाचशे रुपये वेगळे' : नव्या लेखाच्या डीओआयसाठी, म्हणजे त्याच्या कायमच्या डिजिटल क्रमांकासाठी, प्रकाशक क्रॉसरेफला साधारण एक डॉलर भरतो, आणि झेनोडो या सर्नच्या भांडारात तुम्हाला तो फुकट मिळतो. 'इम्पॅक्ट फॅक्टर 7.8' : खरा इम्पॅक्ट फॅक्टर क्लॅरिव्हेट ही एकच कंपनी दर वर्षी काढते, बाकी आकडे या जर्नल्सनी स्वतःच लावलेले. 'आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांकडून तपासणी' : आठ दिवसांत ती होत नाही. उरतं ते प्रमाणपत्र, आणि ते रंगीत प्रिंटरवर निघतं.

'यूजीसी केअर लिस्टेड' हे शब्द अजून जाहिरातीत दिसतात. मान्य जर्नल्सची आयोगाची ही यादी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून चालवली जात होती. तिच्याआधीच्या यादीत विद्यापीठांनी सुचवलेल्या जर्नल्सची पाहणी भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये करंट सायन्समध्ये छापली, तेव्हा तपासलेल्यांपैकी 88 टक्के निकृष्ट निघाली होती. पुढं आलेली केअर यादीही आयोगानं बंद केली. फेब्रुवारी 2025 मध्ये तशी सूचना निघाली आणि जर्नल पारखण्याची जबाबदारी संस्थांवर आली. म्हणजे आज कुणी 'केअर लिस्टेड' म्हणून पैसे मागत असेल, तर तो नसलेली गोष्ट विकतो आहे.

हा धंदा फक्त गल्लीतला नाही. हैदराबादच्या ओमिक्स समूहाला अमेरिकेतल्या न्यायालयानं 2019 मध्ये पाच कोटी डॉलरच्या वर रक्कम भरायला सांगितली, संशोधकांची फसवणूक केल्याबद्दल. त्याआधी 2013 मध्ये सायन्स या नियतकालिकाच्या वार्ताहरानं उघड चुका पेरलेला एक बनावट पेपर 304 मुक्त जर्नल्सना पाठवला होता. 157 जणांनी तो स्वीकारला.

बोगस जर्नलचा खरा खर्च अडीच हजार नव्हे. छापलेला पेपर पुन्हा दुसरीकडे पाठवता येत नाही. तुमची तीन वर्षं, 246 बायकांचं रक्त, त्यांनी दिलेला वेळ, हे सगळं अशा ठिकाणी जाऊन पडतं जिथं कुणीही ते कधी वाचणार नाही. पुढं त्या आजारावर आढावा लिहिणारा माणूस चांगल्या सूचींत शोधतो, आणि तुमचं गाव त्याला सापडत नाही.

पैसे भरून झाले असतील तर

असे फोनही येतात, आणि ते करणाऱ्यावर मी कधी रागावत नाही. आधी पाहा, लेख प्रसिद्ध झाला आहे का. झाला नसेल तर त्याच दिवशी ई-मेल करा : आमचा लेख मागे घेत आहोत, आम्ही कोणत्याही हक्कपत्रावर सही केलेली नाही, लेख प्रसिद्ध करू नये. सर्व सहलेखकांना त्या ई-मेलमध्ये जोडा. ते 'मागे घेण्याचं शुल्क' मागतील, कधी कधी छापण्याच्या शुल्कापेक्षा जास्त. देऊ नका. वकिलाच्या नावानं धमकीचं पत्र आलं तरी देऊ नका. ते पत्र जपून ठेवा. हक्कपत्रावर सही झालेली असेल तर सहीबद्दलचं ते वाक्य लिहू नका, हक्कपत्र गाईडना आणि ग्रंथपालांना दाखवा, पुढचं उत्तर त्यांच्यासोबत लिहा. आठवडाभरानं आठवणीचा ई-मेल, मग आणखी एक. हे तिन्ही ई-मेल म्हणजे दुसऱ्या जर्नलला दाखवायचा तुमचा पुरावा. दुसरीकडे पाठवताना संपादकांना सगळी हकीकत खरी खरी लिहा. मी पाहिलेल्या संपादकांनी ती समजून घेतली आहे. लपवलेलं मात्र त्यांना चालत नाही.

लेख छापून गेला असेल तर तोच पेपर पुन्हा कुठं देता येणार नाही, पण थीसिसमधला सगळाच मजकूर त्यात गेलेला नसतो. मास्टर चार्ट पुन्हा उघडा. दुसरा एखादा प्रश्न, न वापरलेला रकाना, जास्त रुग्णांवरचा पुढचा टप्पा, यांतून स्वतंत्र पेपर होऊ शकतो. तो लिहिताना आधीच्या छापील लेखाचा उल्लेख करायचा.

आणि जर्नलच्या नावाखाली खोटी वेबसाइट काढून कुणी पैसे उकळले असतील, म्हणजे जर्नल खरं पण संकेतस्थळ नकली, तर ती सायबर फसवणूक आहे. 1930 या क्रमांकावर लगेच फोन करा. पैसे गेल्यावर पहिल्या काही तासांत तक्रार झाली तर ते बँकेत अडवले जाण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते. यूपीआय व्यवहाराचा क्रमांक, समोरच्याचा फोन नंबर आणि व्हॉट्सअॅपवरची ती जाहिरात, तिन्हींचे स्क्रीनशॉट आधी काढून ठेवा. चॅट डिलीट करू नका.